आला, पण लागला नाही

मिल्या, स्वतःच्या दहाव्याला उशिरा येणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. तसा तू नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर येणारा आणि लग्नाला अक्षता संपल्यावर येणारा. पण इथे तरी वेळेवर येशील, अशी आमची भाबडी समजूत होती. कार्यक्रम तुझा, पान तुझ्यासाठी मांडलेलं, पानात वडे तुझ्या आवडीचे. आणि आम्ही सगळे कल्याणच्या खाडीकाठी घाटावर भर उन्हात उभे, माना वर करून.

तू नेमका कुठे अडकला होतास, ते मला आता कळलंय. पण ते सांगण्याआधी मला थोडं मागून यावं लागेल. मधे बोलायचं नाही. तीस वर्षं मी बोलायला लागलो की तू हातातल्या पिसावरून नजर न काढता "पुढे?" म्हणायचास, आणि गोष्टीतली सगळी हवा काढून घ्यायचास. आता मैदान मोकळं आहे. मी तब्येतीत सांगणार.

तुझ्या त्या माश्यांशी माझी पहिली भेट तुला आठवत असेल. तू वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये होतास. शेजारच्या गाळ्यात परदेशी माल पाठवणारं एक छोटं युनिट होतं. तिथे बायका ओळीनं बसून गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून खोटे किडे बनवायच्या. तिकडचे हौशी लोक ते नदीवर टाकतात, मासा खरा किडा समजून तोंड घालतो, असा एकूण मामला. त्यांच्या वाइसचे, म्हणजे गळ घट्ट धरायच्या शिकंज्याचे, जबडे झिजले म्हणून तुला दुरुस्तीला बोलावलं. तू गेलास तासाभराच्या कामाला आणि परत आलास तो कायमचा बिघडून. पुढे ते युनिट बंद पडलं, तेव्हा तिथली एक वाइस आणि गळांचा डबा तू मागून घेतलास.

मी कोपरला तुझ्या घरी आलो तर जेवणाच्या टेबलाच्या कडेला ती वाइस घट्ट बसवलेली, तिच्या जबड्यात एवढासा गळ, आणि तू डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून त्यावर ओणवा.

"हे काय?" मी विचारलं.

"माशी."

"मेलेली?"

"अजून जन्मायचीय. उजेडातून बाजूला हो."

शुभावहिनी, म्हणजे तुझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी. ती म्हणाली, "भाऊजी, घरात शिरलेल्या माश्या मी हाकलते आणि हा नवीन करतो." त्या दिवशी मला कळलं की या घरात यापुढे आपल्याला तिकिटाशिवाय प्रयोग बघायला मिळणार.

आणि काय प्रयोग होता तो, मिल्या! आधी गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे, एकाला एक लागून, जणू रिळावरच गुंडाळला आहेस. मग शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे चार तंतू, लांबी दांड्याइतकी, एक तसूही जास्त नाही. अंगाला मोरपिसाचा एकच हिरवा तंतू, गोल गोल फिरवत पुढे आणलेला. त्यावर जरीची एक तार, उलट्या दिशेनं, म्हणजे मोरपीस माशाच्या दातानं तुटलं तरी सुटणार नाही. शेवटी मानेशी कोंबड्याच्या मानेचं पीस धरून दोन वेढे, की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहायचे, आणि एवढा वेळ जो कचरा दिसत होता तो एकदम पाय फुटून पाण्यावर उभा राहिल्यासारखा व्हायचा. मी स्टेजवर तीस वर्षं काढली. मेकअपच्या आरशात माणसाचा राजा झालेला पाहिलाय. पण कचऱ्याचा जीव होताना मी फक्त तुझ्या जेवणाच्या टेबलावर पाहिला.

मलाही तू शिकवायला घेतलंस. मी उत्साहानं वेढे मारत सुटायचो आणि गळाच्या नाकाशी पोचेपर्यंत पुढे जागाच शिल्लक नसायची. "डोक्यासाठी जागा ठेव," तू दर वेळी म्हणायचास. "सगळी माशी करून झाली आणि डोक्याला जागा नाही, असं फक्त तूच करू शकतोस." यावर वहिनी आतून हसायची. तिचं ते हसणं मी टाळ्या समजून स्वीकारायचो.

शेवटची गाठ तर मला कधीच जमली नाही. दोऱ्याचा फास करायचा, तो दोऱ्याच्याच टोकावरून फिरवत न्यायचा आणि मग टोक हळूच आपल्याच वेढ्यांखाली ओढून घ्यायचं. "गाठ दिसली तर ती गाठ नव्हे," तू म्हणायचास. माझी दिसायचीही आणि सुटायचीही.

आता सामानाविषयी. तुझं सामान म्हणजे दुसऱ्यांच्या घरातून नाहीशा झालेल्या वस्तूंची यादीच. दोरा आत घालायची नळी मोडक्या छत्रीच्या काडीची. पीस धरायला वहिनीचा केसांचा चाप. दोऱ्याला लावायला तुझ्या आईच्या करंड्यातलं कुंकवाचं मेण. गाठीवर शेवटचा थेंब वहिनीच्या बिनरंगी नेलपॉलिशचा. आणि जरीची तार? ती कुठून आली, ते एका भाचीच्या लग्नात भर मांडवात उघडकीला आलं. वहिनीनं शालूचा पदर पसरला आणि तिथेच थांबली.

"मिलिंद, माझ्या पदरावरची ही कोयरी कुठे गेली?"

"पाण्यात," तू म्हणालास. खोटं बोलायची कला तुला अवगत नाही, असं मी तेव्हा समजत होतो. पुढे त्या समजुतीचंही काय झालं ते येईलच.

माझ्या दाढीलाही तू सोडलं नाहीस. स्पर्धेच्या प्रयोगाला मी ऋषी झालो होतो, बेंबीपर्यंत दाढी, मेहनतीनं चिकटवलेली. तू ग्रीनरूममध्ये शुभेच्छा द्यायला आलास, मिठी मारलीस, आणि गेलास. मी मनात म्हटलं, किती हा जिव्हाळा. मी शाप द्यायला डावा हात वर केला, प्रेक्षक हसले. शाप आणखी जोरात दिला, ते आणखी हसले. विंगेतून नेपथ्यवाल्यानं खूण केली तेव्हा कळलं, डाव्या बाजूनं माझी दाढी उंदरानं कुरतडल्यासारखी आखूड होती. पुढचा सबंध अंक मी प्रेक्षकांना उजवाच गाल दाखवला. परीक्षकांनी माझ्या 'संयत देहबोली'चं कौतुक केलं. आठवड्यानं तू मला एक करडी केसाळ माशी आणून दिलीस. "हिचं नाव ऋषी," म्हणालास. मी रागावून बघत राहिलो, पण सुंदर होती रे. अजून आहे.

पण खरी गंमत होती तुझ्या पिसांची. चिकनवाल्याकडून गावठी कोंबड्याच्या मानेची सालं आणून, शाम्पूनं धुऊन, तू ती गॅलरीत दोरीवर चिमट्यांनी लावायचास. सोसायटीच्या सभेत खालच्या मजल्यावरच्या काकांनी उभं राहून विचारलं, "वरच्या गॅलरीत रोज कोंबड्याची मान लटकते, ती कसली पूजा आहे?" तू शांतपणे उत्तर दिलंस, "वाळवणं."

आणि कावळे! काळे पंख हवेत म्हणून तू कोपरच्या मैदानातल्या झाडाखाली पडलेली कावळ्यांची पिसं गोळा करायचास. वर घरटी असली की ते तुझ्या टाळक्यावर सूर मारायचे. मग तू हेल्मेट घालून जायला लागलास. स्कूटर नाही, काही नाही, भर सकाळी एक इसम हेल्मेट घालून वाकून वाकून चालतोय आणि वर कावळ्यांचा मोर्चा. मुलं त्या झाडाला 'हेल्मेटवाल्या काकांचं झाड' म्हणत. कावळा चेहरा विसरत नाही म्हणतात. मी तुला तेव्हाच बजावलं होतं, "मिल्या, यांच्याशी वैर घेऊ नकोस, शेवटी यांच्याशीच गाठ आहे." तू हसलेलास.

मधे बर्ड फ्लूची बातमी आली. तू कामावर असताना वहिनीनं तुझी पिसांची लाकडी पेटी उचलली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली. सगळी. वर्षानुवर्षं जमवलेली, रंगावरून लावलेली, प्रत्येक पुडीत कापूर घातलेली. तू घरी आलास, रिकामी जागा पाहिलीस आणि एवढंच म्हणालास, "बरं." भांडला असतास तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा एकेक पीस जमवायला लागलास आणि तो विषय तुम्ही दोघांनी कधी काढला नाहीत. मला वाटलं, संपला. संपला नव्हता.

आता मोहन्याच्या नदीकाठचं सांगायला हवं, कारण आपला सगळा वाद तिथला.

मोहन्याला नदीकाठी आपण किती रविवार घातले कुणास ठाऊक. तू नेहमी आधी पक्कड काढायचास आणि गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायचास. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलोच. "अरे, मासा सुटेल ना!"

"सुटू दे की. यायचं तेव्हा त्यानं यावं, जायचं तेव्हा जावं. टोचलं तरी अडकायला नको."

"कुडाळचा माणूस तू. मासा सोडायचा म्हणतोस? तुझ्या पूर्वजांनी ऐकलं तर श्राद्धाला येणार नाहीत."

"खायचा मासा बाजारात मिळतो," तू म्हणायचास. "हा भेटायचा."

पण भेटायलाही कुणी येईना. तू दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायचास, माशी हलकेच पाण्यावर उतरायची, आणि नदी आपली ढिम्म. शेजारी गावातले एक आजोबा बसायचे, कमरेला टॉवेल, हातात बांबूची काठी, डब्यात गांडुळं. एकामागून एक मासे काढायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"काय रं दादा, पिसान कंदी मासा गावतं का?"

"गावेल, आजोबा," तू म्हणालास.

"मासा काय येडा हाय?" ते म्हणाले आणि उठताना त्यांनी आपल्या पिशवीतले चार मासे तुझ्या पिशवीत टाकले. "ने घरी. बायको इचारल."

आपण ते घरी नेले. मी दारातूनच नाट्यपूर्ण घोषणा केली, "वहिनी, माशीनं मासा पकडला!" वहिनीनं मासे घेतले, आत गेली, सुरीचा आवाज आला. मग तिनं आतून शांतपणे विचारलं, "भाऊजी, माशीनं धरलेल्या माशाच्या पोटात गांडूळ कसं हो?"

आपण दोघं शाळकरी पोरांसारखे सोफ्यावर बसून राहिलो. कालवण मात्र झकास झालं होतं.

आणि मग तो रविवार. ऊन उतरलेलं, पाणी संथ. मी मांडीवर भेळेचा कागद उलगडत होतो. तेवढ्यात तू किंचाळलास, "आला! आला!" मी मान वर केली तर पाण्यावर फक्त वर्तुळं. तू सांगत होतास, खालून काळी सावली वर आली, माशीच्या तळाशी आली, थांबली, बघितलं, आणि वळली.

"लागला का?" मी विचारलं.

"नाही. पण आला होता."

"आला, पण लागला नाही. म्हणजे तुझी माशी खोटी हे त्यानं ओळखलं. आजोबा बरोबर बोलले."

"अरे, तो वर आला! एवढ्या खोलातून! खोटी म्हणून कोण येईल? बांधणी खरी होती म्हणून आला."

"खोटं ते खोटंच, मिल्या. मी ऋषीची दाढी लावतो, मला कुणी नमस्कार करतं का?"

"नीट लावलीस तर करतील," तू म्हणालास.

मी भेळ खात होतो, त्यामुळे साक्षीदार कुणीच नाही. पुढची सगळी वर्षं आपलं फोनवरचं बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. लोक 'हॅलो' म्हणतात. तू म्हणायचास, "आला होता." मी म्हणायचो, "लागला नव्हता." मग पुढची कामाची बोलणी. तुझा शेवटचा फोन आला तेव्हाही तू तेच म्हणालास, मी तेच म्हणालो, तू हसलास आणि खोकला आला म्हणून फोन ठेवलास. तो वाद तिथे तसाच उघडा राहिला.

गेल्या वर्षी तुझे हात कापायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा. मला वाटलं, आता माश्या संपल्या. पण तू मला बोलावून घेतलंस आणि तळहातावर एक काळी माशी ठेवलीस. कावळ्याच्या पिसाची, जरीची एक बारीक रेघ, डोकं मोहरीएवढं, गाठ कुठे दिसेना. "बघ," म्हणालास, "हात अजून शाबूत आहे." मी तोंडभरून दाद दिली. वहिनी खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. ती माशी मी टोपीला लावली, ती अजून तिथेच आहे. गळाचा काटा तू आधीच दाबून ठेवलेला.

तर आता घाट.

तुझे थोरले भाऊ अण्णा कुडाळहून आले होते, त्यांनी सगळं केलं. गुरुजींनी पिंड बाहेर मांडला, भाताचं पान ठेवलं, आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते, मिल्या. नाही कशाला! समोरच्या तारेवर ओळीनं बसले होते, पहिल्या रांगेतल्या पासवाल्यांसारखे. बघत होते. एक जण खाली उतरेना. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला शपथेवर सांगावंसं वाटतं, त्यातले दोघे तिघे कोपरचे होते.

अण्णा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "मिलू, शुभाला आम्ही अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. "दर गणपतीला तिला गावी नेऊ." एकानं पंख खाजवला. मीही पुढे झालो आणि म्हटलं, "मिल्या, तुझी वाइस मी सांभाळीन." त्यावर एक कावळा चक्क उडून गेला. मागचे लोक घड्याळं बघायला लागले. शेजारच्या पायरीवर दुसरं कार्य खोळंबलेलं.

मग अण्णा हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्याचं मनात. घरात काही झालेलं का, शुभा?"

बस. सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. ती सकाळपासून न जेवता उभी होती. मग माझ्या बाजूला सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, मी ती पेटी टाकली होती ना."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, की ती बाई इतकी वर्षं तुझं ते 'बरं' उराशी घेऊन बसली आहे. आणि कावळा आला नाही, तर आता ती ते जन्मभर घेऊन बसणार. मिल्या, त्या क्षणी मला तुझा राग आला. बाकी कुणाच्या हाका ऐकू नकोस, पण हिच्यासाठी तरी उतर! मी अगदी मनापासून तारेकडे बघून दात विचकले.

गुरुजी म्हणाले, "हरकत नाही. दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे." आणि त्यांनी दर्भाच्या तीन काड्या घेतल्या, त्यांना एक गाठ मारली आणि पुढे केल्या.

मित्रा, तो कावळा तू पाहायला हवा होतास. कोथिंबिरीच्या जुडीची दोरी सुटावी तसा.

"गुरुजी," मी म्हटलं, "हा कावळा?"

"भाव महत्त्वाचा."

"भाव आहे हो. चोच नाही."

"मग तुम्ही करा," गुरुजी म्हणाले. बिचारे उन्हानं कावले होते. "पण लवकर करा."

आणि काय सांगू, मी खरंच पायरीवर मांडी घातली. दर्भ घेतला, गुरुजींच्या पिशवीतलं पांढरं सूत घेतलं. वेढे मारायला लागलो, एकाला एक लावून. अण्णा आ वासून बघत होते. दर्भ दुमडून पाठ केली, मागे शेपूट ठेवली, अंगाच्या लांबीइतकीच. एवढ्यात वहिनी उठली, दोन पायऱ्या खाली गेली, वाकली, आणि घाटावर पडलेलं कावळ्याचं एक काळं पीस घेऊन आली. फुंकर मारून त्यावरची धूळ काढली आणि माझ्यासमोर धरलं.

"वहिनी, पिसं चालत नाहीत हो," गुरुजी म्हणाले.

"त्याला चालतात," वहिनी म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी आवरायला घेतली.

मी पिसाचे तंतू सोलून मानेशी गुंडाळायला घेतले. वहिनी वाकून बघत होती. "डोक्याला जागा ठेवलीत का?" तिनं विचारलं. मी दचकलो. हात थांबवला, दोन वेढे मागे घेतले, जागा केली. तंतू उभे राहिले. दर्भाच्या त्या काडीला पंख आले, मिल्या. मग शेवटची गाठ. मी फास केला, फिरवला, ओढला, आणि सगळं सुटलं. पुन्हा केला, पुन्हा सुटलं.

"आणा इकडे," वहिनी म्हणाली.

तिनं तो कावळा डाव्या हाताच्या बोटांत धरला, वाइसच्या जबड्यात धरतात तसा. उजव्या हातानं सुताचा फास टाकला, तो टोकावरून फिरवला, आणि टोक हळूच खाली ओढून घेतलं. गाठ दिसली नाही.

"वहिनी! हे तुम्हाला कुठून येतं?"

"वर्षभर शेवटची गाठ मीच घालत होते," ती सूत तोडत म्हणाली. "त्याचा हात स्थिर राहत नव्हता ना. मांडायचा सगळं तो, आणि मग वाइस माझ्याकडे फिरवायचा. पेटीबद्दल मी एकदा बोलायला लागले, तर म्हणाला, तू गाठ घाल, हलू नकोस. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाला. म्हणाला, तो नाटकवाला गावभर करेल."

मी टोपी काढली. त्यावरची काळी माशी पाहिली. 'हात अजून शाबूत आहे' म्हणालास आणि वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती! मिल्या, तीस वर्षं मी स्वतःला नट समजत आलो आणि माझ्यासमोर, माझ्याच तोंडावर, तुम्ही दोघांनी असा बिनचूक प्रयोग केलात. प्रेक्षकाला पत्ता लागू दिला नाहीत. मानलं तुम्हाला. आणि गावभर करतोय, बघ.

"मग पेटीचं काय घेऊन बसलात, वहिनी?" मी म्हटलं. "ज्यानं शेवटची गाठ तुमच्या हाती दिली, तो पेटीपाशी अडलाय होय?"

तिनं आपल्या हातानं तो दर्भाचा कावळा पानाच्या कडेला, भाताशेजारी ठेवला, चोच पिंडाकडे करून. गुरुजी पळी-पंचपात्र आवरत होते. हात धुऊन तो दर्भाचा कावळा पिंडाला लावणार होते. आम्ही जरा मागे सरलो.

या वेळी मी भेळ खात नव्हतो, मिल्या. मी डोळे न मिटता बघत होतो. म्हणून ही साक्ष माझी.

तारेवरून एक उतरला. तिरका, घाई न करता. पानाच्या टोकाशी बसला. पिंडाकडे पाहिलंच नाही त्यानं, वड्याकडेही नाही. तो त्या दर्भाच्या कावळ्याकडे बघत राहिला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. एक पाऊल पुढे, दुसरं पाऊल पुढे, आणि ते दुसरं पाऊल पडलं थेट भातात, पिंडाला घासून. मग त्यानं वाकून आमचा कावळा चोचीत धरला आणि उडाला.



"शिवला का?" अण्णांनी गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी भातात उमटलेला पाय नीट निरखून पाहिला. "शिवला," ते म्हणाले. "पायानं का होईना, पण शिवला." आणि अण्णा रडता रडता हसायला लागले.

वहिनी आकाशाकडे बघत होती. "आला होता," ती म्हणाली.

आणि मी, ज्यानं इतकी वर्षं एकाच वाक्यावर आपली बाजू लढवली, मी म्हणालो, "लागला, वहिनी."

तर मिल्या, तू अडकला होतास तो पेटीपाशी नाही, आपल्या वादापाशी; आणि तू जिंकलास. गवताच्या काड्या, चार हात सूत, एक पीस आणि एक न दिसणारी गाठ. खोटं होतं, तरी खरा आला. बांधणी बरोबर होती. आता फोनवर मला म्हणायला काही उरलं नाही, आणि फोनही उरला नाही, त्यामुळे हरल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की 'पुढे?' म्हणायला कुणी नाही.

तो खाडीवरून पलीकडे चालला होता. चोचीत दर्भ, दर्भावर काळं पीस उन्हात चमकत होतं, मग एक ठिपका, मग तोही धूसर. लोक पांगायला लागले. वहिनी अजून उभी होती, कपाळावर हाताची सावली धरून.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्याला टोचणार नाही ना काही?"

"काय टोचणार, वहिनी? गळ कुठे होता त्यात."

तिनं हात खाली घेतला.

"मग जाऊ दे," ती म्हणाली.